आधी आत काय हाय ते बघू

परवा आमच्या सोसायटीतल्या एक बाई लॅपटॉप काखेत मारून घरी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवलात. मला अक्षर मोठं करायला, फोटो कापायला आणि आवाज रेकॉर्ड करायला कुठली कुठली ॲप घ्यावी लागतील तेवढं सांगा." यादीच करून आणली होती त्यांनी. मी यादी बाजूला सारली आणि माझ्याही नकळत बोलून गेले, "थांबा हो, आधी आत काय हाय ते बघू."

'आहे' नव्हे, 'हाय'! मी कुलकर्ण्यांच्या घरातली, सिडकोत जन्म गेला, आयुष्यात कधी 'हाय' म्हटलं नाही. त्या बाई माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याला धरून उभीच राहिले. गयाबाई जाऊन दीड वर्ष झालं, आणि तरी ही बया अशी मधूनच माझ्या तोंडून बोलते.

गयाबाई आमच्या शाळेत शिपाई होती. पोरं तिला मावशी म्हणायची, आम्ही मास्तरीणबाया सरळ 'ए गयाबाई' म्हणायचो. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही, आता वाटतं. पण आता 'त्या' म्हणायला जावं तर ती मला लांबची होऊन जाते, म्हणून 'ती'च म्हणते. बुटकी, काटक, हनुवटीवर गोंदण, बारा महिने हिरवं लुगडं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. देवगाव रंगारीच्या मेंढपाळांच्या घरातली सून. लग्नानंतरची सात-आठ वर्षं ती नवऱ्याबरोबर मेंढरांमागं पार पैठणच्या खालपर्यंत हिंडलेली होती. मग मेंढरं विकून दोघं शहरात आली, तो एका कंपनीत वॉचमन झाला आणि ही आमच्याकडे लागली. सातवी तिनं इथं येऊन केली, तीही मराठीतून. इंग्रजी अक्षरांशी तिचा संबंध नव्हता.

नवी वस्तू आली की तिचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. शाळेत लोखंडी कपाट आलं, तर आधी ते चहूबाजूंनी वाजवून बघितलं, प्रत्येक कप्पा ओढला, मागं वाकून बघितलं, आणि मग आम्हाला सांगितलं की वरच्या फळीच्या मागं एक चोरकप्पा आहे. तो त्या कपाटवाल्यालाही ठाऊक नसावा. मी म्हटलं, "काय गं हा चोंबडेपणा?" तर म्हणाली, "बाई, जनावर घरी आनलं की खूर-दात-कान सगळं हात लावून बघायचं असतंय. नायतर ते काय कामाचं हाय ते कळनार कसं?"

कॉम्प्युटरची खोली झाडायचं काम तिच्याकडे होतं. रोज ती ओलसर फडक्यानं एकेक कीबोर्ड पुसायची. दसऱ्याला सगळ्या मशिनांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. एका वर्षी माउसच्या पोटाखाली जिथं दिवा लागतो, नेमकी तिथं हळद भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्गात एकही माउस हलेना, आणि मी अशी कडाडले तिच्यावर की तिसरीच्या वर्गात ऐकू गेलं. कापूस आणि काडी घेऊन दुपारभर बसून तिनं तीसच्या तीस माउस साफ केले. 

माझा गर्व मात्र उतरवला तो त्याच फडक्यानं. एकदा बाहेरून तपासणीला साहेब येणार होते आणि मधल्या मशीनचा पडदा उलटा झाला. अक्षरं खाली डोकं वर पाय! मी पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकवत आलेली, माझी धावपळ उडाली. तारा काढल्या, पुन्हा लावल्या, दुरुस्तीवाल्याला फोन केला. गयाबाई दारात झाडू घेऊन उभी होती. म्हणाली, "बाई, मी बघू का?" मी म्हटलं, "तू काय बघणार आहेस, कपाळ?" ती आली, डावीकडची खालची दोन बटनं दाबून धरली, उजवीकडचा वरचा बाण दाबला, पडदा सरळ. 

"पुसताना व्हतंय कधी कधी. फडकं कुठं कुठं पडलं व्हतं ते ध्यानात ठिवायचं, आन मग परत तिथंच बोटं घालून बघायचं," ती म्हणाली. फडक्यानं शिकलेली ही बाई! तिनं मग मला कमरेला खोचलेली एक वही दाखवली. पाठकोऱ्या कागदांची, दाभणानं शिवलेली. त्यात पानोपानी कीबोर्डचे चौकोन काढून कुठली बटनं काळी करायची ते दाखवलं होतं आणि पुढं तिनं आपल्या मनानं दिलेली नावं होती. भिंग. पडद्यावरचा कीबोर्ड. चिकटचिठ्ठी. रंगाचा डबा, म्हणजे चित्रं काढायचा पेंट. आवाज धरायचा डबा, म्हणजे रेकॉर्डर. सगळं मशीनमध्ये मुळातच असलेलं. पाचवीत एक पोरगी होती, तिला फळ्यावरचंही धड दिसायचं नाही. ती कॉम्प्युटरच्या तासाला मागं कशी पडत नाही आताशा, असं मला वाटायचं. गयाबाई रोज तासाआधी तिच्या मशीनवर 'भिंग' लावून ठेवत होती. मला त्याचा पत्ताच नव्हता. मी त्या पोरीला चष्म्याचा नंबर बदललास का म्हणून शाबासकी देऊन बसले होते!

ती निवृत्त झाली तेव्हा आम्ही तिला साडी-नारळ दिला आणि मी सुटकेचा नि दुःखाचा एकदमच श्वास टाकला. दोन महिन्यांनी शाळेत तिचा फोन. "बाई, घरी येता का? आमच्या ह्यांचं उजव्या अंगावरून वारं गेलंय. वाचा गेली."

हडकोत दोन खोल्यांचं तिचं घर. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर तिचा नवरा, धोंडीराम. उंचापुरा, गलमिशांचा माणूस, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. बोललेलं सगळं कळत होतं त्याला, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, त्यामुळं लिहून दाखवायचीही सोय नाही. डाव्या हाताशी स्टीलचं ताट आणि चमचा ठेवलेला. काही लागलं की ताट वाजवायचं, गयाबाईनं धावत यायचं, आणि पाणी का चहा का पंखा असं एकेक विचारत बसायचं. तोवर त्याचा संताप व्हायचा. मी बसले होते तेवढ्यात दोनदा ताट वाजलं.

"चाळीस वरसं हाका मारून जीव खाल्ला ह्या मानसानं," ती मला आत नेऊन म्हणाली. "'अगं ए, कुठं मेली? अगं ए, च्या आन.' मी म्हनायची, ह्या तोंडाला जरा कुलूप लागू दे. लागलं बघा. आता ताट वाजिवतेत. ते वाजिवतेत तवा त्यांचं तोंड बघवत नाय, आन मला… बाई, मला त्यांची हाक पायजेल." एवढं बोलून तिनं पदर तोंडात कोंबला.

पोरगा पुण्याला जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला होता. मी लगेच माझी विद्वत्ता काढली. अशा रुग्णांसाठी अमुक ॲप मिळतं, तमुक मिळतं, मी मागवते. तिनं डोळे पुसले आणि तेच वाक्य टाकलं, "थांबा, आधी आत काय हाय ते बघू." खरं सांगते, मला रागच आला. अगं, माणूस बसलाय तिथं मुका, आणि तुला कपाटाचे कप्पे काय ओढायचेत!

पण ओढले तिनं. आठवडाभर वही मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याचा डावा हात चालतो, तर माउसची बटनं डाव्या हाताची करून घेतली. बाण पेरूएवढा केला. पडद्यावरची चित्रं मोठी मोठी करत नेली, एका पडद्यात नऊच मावतील इतकी. दोनदा टिचकी मारायला त्याचं बोट वळत नव्हतं, तर एका टिचकीत उघडेल अशी सोयही तिनं शोधून काढली. मला विचाराल तर ती सोय आहे हे मी विसरून गेले होते. रंगाच्या डब्यात तिनं तांब्या काढला, कपबशी काढली, पंखा, दार, गोळ्यांची पुडी, उशी. ती चित्रं चिकटवायचं काम तेवढं मी केलं.

आता बोलायचं कुणी? लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज मशीनमध्ये असतोच, सेटिंगमध्ये जाऊन मी मराठी आवाज उतरवून घेतला. पहिल्यांदा तांब्यावर टिचकी मारली, तर एक पुरुषी, घोटीव आवाज म्हणाला, "मला पाणी हवे आहे." धोंडीरामानं दचकून दाराकडे बघितलं, कोण पाहुणा आला म्हणून. आपल्याच वतीनं कुणीतरी बोलतंय हे कळल्यावर त्याचा चेहरा लालबुंद झाला. डाव्या हातानं कीबोर्ड ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, काय हा हेकट माणूस.

गयाबाई म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. हे सायबाचं बोलनं हाय. आमच्या घरात 'हवे आहे' कोन म्हनतंय? भीक मागितल्यावानी वाटलं आसन त्यांना." आणि आवाज धरायचा डबा उघडून बसली. त्याला माईक लागतो, म्हणून आम्ही दोघी शहागंजच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "खाला, माईक के साथ नया सॉफ्टवेअर भी डाल देतूँ." गयाबाईनं त्याला वही उघडून दाखवली, "नको बाबा, अंदर सब हैच." दुकानदार हसून म्हणाला, "तो फिर मेरी क्या जरूरत?"

धोंडीरामाचा धाकटा भाऊ किसन एसटीनं गावाहून आला. दोघा भावांचा आवाज एकच, अंधारात ओळखू येऊ नये असा. गयाबाई लग्न होऊन आली तेव्हा हा नागडा फिरत होता, हिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. टोपी काढून तो मशीनपुढं मांडी घालून बसला आणि शिवार ओलांडून बोलावं तसा ओरडला, "पानीऽऽ!" माईक गारठला असेल. "भावजी, ते लांब नाय, इथंच हाय," गयाबाई हसत म्हणाली. मग जमलं. पानी दे. च्या आन. पंखा लाव. पाठ चोळ. बाहेर ने. नको म्हनलं ना! धोंडीराम ऐकत होता, आणि 'नको म्हनलं ना'ला त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. आजारपणानंतरचं पहिलं.

शेवटचं चित्र उरलं होतं. हिरव्या लुगड्यातली बुटकी बाई, कपाळावर मोठं कुंकू. गयाबाईनं स्वतःलाच काढलं होतं. किसनला म्हणाली, "हितं त्यांची हाक म्हना. 'अगं ए' म्हना." किसन उठूनच उभा राहिला. हात जोडले. "वहिनी, मान कापा माझी, पर हे माझ्या तोंडातून निघायचं नाय."

मी म्हटलं, "अहो, मशीनमध्ये तर बोलायचंय! त्यांना थोडंच म्हणायचंय?"

"मशीन का असंना बाई, आवाज तर मपलाच हाय. मी वहिनीला 'अगं ए' म्हनू व्हय? माय हाय ती माझी."

मी चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. शेवटी गयाबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. त्यांचं चुकत नाय." मग पोरगा? पोरगा आईला अगं ए म्हणणार? मी भाबडेपणानं म्हटलं, "आमच्या ह्यांना आणू का?" तर ती पदरानं तोंड झाकून खूप वेळ हसली. "अगं बाई बाई! परक्या बाप्याच्या हाकेला ओ देऊ व्हय मी?"

तर ते एक चित्र मुकं राहिलं. आणि गंमत अशी, की धोंडीराम नेमकं तेच दाबायचा. पाणी हवं असेल तरी आधी हिरवं लुगडं दाबायचा, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा, आवाज यायचा नाही, मग हात खाली घ्यायचा आणि तांब्या दाबायचा. मी दोन-तीनदा डोळ्यांनी बघितलं ते. एकदा गयाबाईनंही बघितलं आणि मुकाट आत निघून गेली.

दिवाळी होऊन गेली. मेंढरं त्या दिवसांत खाली चरायला निघतात, हर्सूलकडून त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेतून एक कळप चालला होता. गयाबाईनं त्याला खुर्चीसकट दारात आणून बसवलं होतं. एक कोकरू नालीकडं वळलं, आणि गयाबाईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती धापा टाकत होती, "बाई, ह्यांच्या तोंडातून आलं! हुर्रऽऽ हाऽ हाऽ, आख्खं, पहिल्यावानी! कोकरू माघारी फिरलं!" डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, लहानपणापासून जिभेवर घोळलेलं असं काही कधी कधी शिल्लक राहतं. पण मागितलं म्हणून येत नाही.

खरंच येईना. ती म्हणायची, "करा ना तसं," आणि तो बिचारा तोंड वेडंवाकडं करून थकायचा. मग तिनं विचारणंच सोडलं. किसनकडून कळपाचा आवाज फोनवर मागवला. रोज दुपारी आवाज धरायचा डबा चालू करायची, मेंढरं लावायची आणि जवळ बसून गवार मोडायची. काही मागायचं नाही, काही बोलायचं नाही. सतरा-अठरा दिवस नुसती बें-बें आणि गवारीचा कटकट आवाज भरला त्या मशीनमध्ये. मी म्हटलं, "गयाबाई, पुरे आता." ती म्हणाली, "मेंढरामागं असं बसायची सवय हाय मला."

आणि एका दुपारी आलं ते. नको ते मागचं-पुढचं कापून टाकायची सोयही त्या डब्यातच आहे, ती मी तिच्या आधी दाखवली. तेवढंच एक मी तिच्या आधी दाखवलं. हिरव्या लुगड्याच्या चित्राला तो आवाज जोडला. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. धोंडीरामानं नेहमीसारखं बोट ठेवलं.

हुर्रऽऽ हाऽ हाऽ!

तो स्वतःच दचकला. गयाबाई दारात आली, कमरेवर हात. "मेंढरू केलं व्हय मला? चाळीस वरसं भाकरी थापून हेच नशिबात?" बोलता बोलता रडायला लागली, रडता रडता हसायला. तो पुन्हा दाबत होता, पुन्हा, पुन्हा, आणि अर्ध्या तोंडानं हसत होता. मी माझ्या पर्समध्ये काहीतरी शोधण्याचं सोंग केलं.

वर्ष-सव्वा वर्ष ती हाक त्या घरात चालली. गल्लीतल्या बायका हसायच्या, ती म्हणायची, "हसा, हसा, तुमचा नवरा फोन करतो, माझा हुर्र करतो." मग एका पहाटे तो झोपेतच गेला.

तेरावं झाल्यावर किसन तिला गावी न्यायला येणार होता. आदल्या दिवशी मी भेटायला गेले. सामान बांधून झालं होतं, कॉम्प्युटर तेवढा टेबलावर होता. "तो बी नेते. भावजींची पोरगी शिकन," म्हणाली. मला बसवलं आणि पाहुणीला रिकाम्या पोटी धाडायचं नाही म्हणून आत भाकरी थापायला गेली. बसायला त्याचीच खुर्ची होती. आम्ही दोघी इकडून तिकडून बोलत होतो, शाळेचं, पोरांचं.  मग थापण्याचा आवाज थांबला.

"बाई," आतून आवाज आला, "मशीन चालू हाय. ते हिरवं लुगडं दाबा जरा."

 तिनं आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मी दाबलं. आवरलेल्या खोलीत ती हाक घुमली.  आणि मग परातीवर हात आपटल्याचा आवाज, आणि चांगली खणखणीत, वैतागलेली गयाबाई, "आले, आले! हात पिठात हायेत माझे, जरा दम धरताल का नाय?"

ती बाहेर आली नाही. मीही आत गेले नाही. भाकरी तव्यावर पडल्याचा वास आला. त्यानंतर मला गयाबाई दिसली ती टेम्पोत पाठमोरी, आणि मग ती गेल्याचा किसनचा फोनच आला. पण माझ्या लेखी ती अजून तिथंच आहे, त्या दाराच्या आड. किती तरी वेळानं तिचा आवाज आला होता, अगदी हळू.

"बाई, आनखी एकदा."